काठीवरचा लाल दोरा: खोल पाण्यातल्या ट्रिपसाठी डिझेल आणि दिशेचा हिशोब

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात नवा तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, झालेला पोरगा हमखास विचारतो, "काका, चाळीस मैल जाऊन यायला डिझेल किती टाकू?" मी उलट विचारतो, "तास किती लागतील?" तो गोंधळतो. सवय मोटारसायकलची, लिटरला किती किलोमीटर एवढंच ठाऊक. समुद्रात वारा नाकावर आला की इंजीन तेवढंच डिझेल पितं आणि बोट मात्र जागच्या जागी डोलत राहते. म्हणून माझ्या वहीत डिझेलचा रकाना तासांचा आहे. मैलांचा रकाना शेजारी आहे, पण तो नंतर भरायचा.

माझी बोट ४२ फुटी, लाकडी, गिलनेटची, म्हणजे पाण्यात उभं राहणारं जाळं टाकणारी. इंजीन सहा सिलिंडरचं, ११० हॉर्सपॉवरचं. माणसं सात. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली तरी नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय मी बोट बाहेर काढत नाही, आणि खरी लांबची ट्रिप दिवाळीनंतरच. दोन रात्रींची, पस्तीस-चाळीस सागरी मैलांवर, सुरमई आणि कुप्यासाठी (ट्यूना). खाली दिलेले आकडे माझ्या बोटीचे आहेत. तुमचे वेगळे येतील. रीत तेवढी घ्या.

पहिलं काम बंदरातच. इंजीन तासाला किती खातं ते स्वतः मोजा. कागदावर छापलेला आकडा नव्या इंजिनाचा असतो, तुमच्या दहा वर्षं चाललेल्या इंजिनाचा नाही. वीस लिटरचा पांढरा कॅन घ्या, त्यात लिटर-लिटर ओतून बाहेरून मार्करने रेघा मारा. टाकीची नळी काढून ती कॅनमध्ये सोडा. आणि दुसरी नळीसुद्धा, इंजिनातून उरलेलं डिझेल परत आणणारी, तीही त्याच कॅनमध्ये सोडा. हे सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या भाच्याने पहिल्यांदा मोजलं तेव्हा ही परतीची नळी टाकीतच राहिली होती. अर्ध्या तासात कॅन तळाला गेला. हा घाबराघुबरा होऊन सांगतोय, "मामा, इंजीन गेलं आपलं, तासाला चाळीस लिटर खातंय." अर्धं डिझेल निवांत टाकीत जमा होत होतं.

वारा पडलेला असताना, सकाळी, बोट चालती ठेवून एका आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) अर्धा तास धरा. उभ्या बोटीवर इंजीन फिरवून मोजलेला आकडा काही कामाचा नाही. जीपीएसवर वेग बघा, जाताना आणि येताना दोन्हीकडे, म्हणजे पाण्याची ओढ वजा होते. माझे तीन आकडे असे आले (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल): १३०० आरपीएमला साडेसहा नॉट आणि तासाला १० लिटर. १५०० ला ७.४ नॉट आणि १४.५ लिटर. १७०० ला ८ नॉट आणि २०.५ लिटर. मोजून झालं की नळ्या परत लावा आणि लाईनमधली हवा काढायला विसरू नका.

आता हे आकडे ४५ मैलांना लावून बघा. १७०० वर पाच तास अडतीस मिनिटं आणि ११५ लिटर. १३०० वर सहा तास पंचावन्न मिनिटं आणि ६९ लिटर. सव्वा तास लवकर पोचायला ४६ लिटर जाळले. जड बोटीत वेग थोडा वाढवला की डिझेल दुपटीच्या चालीने वाढतं, कारण इंजिनाची ताकद पाणी ढकलण्यात आणि मागे लाट उठवण्यात जाते. मागची लाट जितकी उंच तितके पैसे पाण्यात. मी जाताना १५०० वर जातो. लिलावाची वेळ गाठायची असेल तरच येताना १७०० करतो, आणि तेव्हा तो खर्च मासळीच्या भावातून निघणार का हे आधी बघतो. बहुतेक वेळा निघत नाही.

दुसरं, टाकी. डिझेल दाखवणाऱ्या काट्यावर विश्वास ठेवू नका, काठी घाला. माझी टाकी आतून १२० सेंटीमीटर लांब, ८० रुंद, ६० उंच. तिघांचा गुणाकार करून हजाराने भागा, ५७६ लिटर. म्हणजे काठीवरचा एक सेंटीमीटर ९.६ लिटरचा. तळाचे पाच सेंटीमीटर माझ्यासाठी नसल्यासारखेच आहेत. तिथे पाणी, गंज आणि चिखल बसतो. ४८ लिटर गेले असं धरूनच पुढचा हिशोब. टाकी चौकोनी नसेल, बोटीच्या पोटाला धरून तिरकी केलेली असेल, तर गुणाकार चालणार नाही. रिकाम्या टाकीत वीस-वीस लिटर ओतत जा आणि दर वेळी काठीवर खूण करा. एक सकाळ जाते, पण ती काठी टाकीइतकीच टिकते. काठी टाकीच्या मध्यावरून घालायची. बर्फ मागे भरला की बोट मागे बसते आणि टोकाचं माप खोटं बोलतं. समुद्रात मोजताना बोट लाटेला समोर धरा, तीनदा काठी घाला आणि मधला आकडा घ्या.

मग ट्रिप मांडायची. मी परतीपासून सुरुवात करतो. बर्फ वितळलेला असला तरी जाळी भिजलेली, मासळी आत, बोट खाली बसलेली. त्याच १५०० आरपीएमवर माझी बोट येताना ६.८ नॉट चालते आणि तासाला साडेपंधरा लिटर घेते. ३८ मैलांना साडेपाच तासांहून थोडं जास्त, ८७ लिटर. जातानाचे ३८ मैल, सव्वापाच तास, ७६ लिटर. जागेवर जाळी टाकणं-ओढणं, हळू इंजिनावर आठ तास, तासाला ५ प्रमाणे ४०. मासा नाही लागला तर जागा बदलायला दहा मैल, २०. रात्रीच्या दिव्यांसाठी जनरेटर, १२. बेरीज २३५. त्याच्या निम्मं वर राखीव, ११७. एकूण ३५२, त्यात तळाचे ४८ मिळवले की ४००. काठीवर ४२ सेंटीमीटर. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश हात लावायचा नाही असं जुने तांडेल सांगायचे. मी केलं ते तेच, फक्त काठीवर आणून.

टाकी गळ्यापर्यंतच का भरू नये, असं कोणी म्हणेल. भरा की. रिकाम्या टाकीच्या पत्र्याला रात्री आतून घाम सुटतो आणि डिझेलमध्ये पाणी होतं, त्यामुळे भरलेली टाकी बरीच. पण मच्छीमार सोसायटीचा डिझेलचा कोटा, डिझेलवरच्या कराच्या परताव्याचे पैसे कधी हातात येणार आणि आज खिशात किती, यांना विचारूनच टाकी भरते. आणि टाकी भरलेली असली तरी कधी वळायचं हे ठरवावंच लागतं.

त्यासाठी लाल दोरा. परतीचे ८७, राखीव ११७, तळाचे ४८, मिळून २५२ लिटर. काठीवर सव्वासव्वीस. मी २७ वर लाल नायलॉनचा दोरा करकचून बांधलाय आणि वर डिंक लावलाय. जाळी ओढून झाली की काठी घालायची. डिझेलची ओल दोऱ्यापर्यंतच आली की बोट घराकडे. समोर मासा उड्या मारत असला तरी. यावर बोटीत चर्चा होत नाही. हा दोरा सुरुवातीपासून नव्हता. तो कसा आला ते सांगतो, कारण दिशेचा धडा त्यातच आहे.

हैदराबादच्या इन्कॉईस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचं, मासळी कुठे लागेल ते सांगणारं पत्रक तुम्ही बघतच असाल. बंदराचं नाव, दिशा, अंश, अंतर, खोली, अक्षांश, रेखांश. चांगली सोय आहे. एका जानेवारीत निघायच्या घाईत मी मुलीला फोनवरून ते वाचायला सांगितलं. तिने वाचलं, "अडीचशे अंश, अंतर चौसष्ट ते एकोणसत्तर." मी लिहिलं ६४ आणि बोट हाणली. नैऋत्येच्या जरा पश्चिमेला, चौसष्ट सागरी मैल. डिझेल नेहमीच्या ट्रिपचंच होतं. म्हटलं, राखीव आहे की.

पत्रकातलं अंतर किलोमीटरमध्ये असतं. सागरी मैल १८५२ मीटरचा. ६४ किलोमीटर म्हणजे साडेचौतीस मैल. मी जागेवरून तीस मैल पुढे गेलो, आणि तेवढेच परत आलो. साठ मैल, आठ तास, ११७ लिटर. बरोबर राखीव तेवढंच. पत्रकात खोलीही होती. खोली दाखवणाऱ्या फिश फाइंडरवर पाणी त्याहून कितीतरी जास्त दिसत होतं, मला ते दिसतही होतं, तरी "पुढे उथळ होईल" असं म्हणत मी गेलो. मासा तर नाहीच. परतताना रत्नागिरीच्या दीपस्तंभाची उघडझाप दिसायला लागली तेव्हा टाकीत तळाचं तेवढं उरलेलं. बोट हलली, चिखल उसळला, फिल्टर गच्च झाला आणि इंजीन बंद. नऊ मैल राहिले होते. नांगर टाकून बसलो. साखरीनाट्याच्या एका बोटीने पहाटे दोरी दिली. ओढून आणत असताना त्यांचा तांडेल एक शब्द बोलला नाही, ते जास्त लागलं.

तेव्हापासून आकडा लिहिताना शेजारी एकक लिहिल्याशिवाय पेन उचलत नाही. आणि तीन गोष्टी जुळल्याशिवाय जागा पक्की धरत नाही: दिशा-अंतर, अक्षांश-रेखांश आणि खोली. अक्षांशावरून अंतर ताडून बघणं सोपं आहे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. रत्नागिरी जवळजवळ १७ अंशांवर आहे. पत्रकातला बिंदू १६ अंश ४८ मिनिटांवर असेल तर तो आपल्यापेक्षा बाराच मैल दक्षिणेला. २५० अंशांवर चौसष्ट मैल गेलं तर दक्षिणेला बावीस मैल उतरायला होतं. बोटांवर मोजलं असतं तरी चूक सापडली असती. रेखांशाचं मिनिट मात्र आपल्याकडे थोडं आखूड, साधारण १७७० मीटर, म्हणून कागदी चार्टवर अंतर मोजताना डिव्हायडर बाजूच्या, अक्षांशाच्या पट्टीवर टेकवायचा, खालच्या नाही. डेहराडूनच्या जलसर्वेक्षण कार्यालयाचा चार्ट बोटीत असू द्या. त्याला बॅटरी लागत नाही.

आणखी एक खोडी जीपीएसची. पत्रकात अंश-मिनिट-सेकंद असतात, पुष्कळ जीपीएस अंश आणि मिनिटांचे दशांश दाखवतात. ४८ मिनिटं ५० सेकंद हे ४८.५० म्हणून टाकलं की झालात सहाशे मीटर बाजूला. पन्नास सेकंद म्हणजे .८३ मिनिट, साठाने भागून. उघड्या पाण्यात सहाशे मीटरने काही बिघडत नाही, मासा तेवढा इकडेतिकडे असतोच. खडकाच्या खुणेला, बुडालेल्या बोटीच्या खुणेला हीच चूक झाली की जाळं गेलं.

होकायंत्राची एक गंमत. आपल्या किनाऱ्यावर चुंबकाच्या उत्तरेत आणि खऱ्या उत्तरेत फरक नाहीच म्हणा, एखादा अंशसुद्धा नसेल, त्यामुळे तो हिशोब सोडून देता येतो. पण बोटीतल्या लोखंडाचा सोडता येत नाही. आमची बोट एकदा सारखी उजवीकडे जायला लागली. होका सांगतोय एक, जीपीएस सांगतोय दुसरं, बारा अंशांचा फरक. शोधलं तर भाच्याचा गाण्यांचा स्पीकर होक्याच्या मागे ठेवलेला. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतो. एक अंश चुकलं की साठ मैलांवर एक मैल चुकतं, हे लक्षात ठेवा. बारा अंशांनी ३८ मैलांवर साडेसात मैल. म्हणजे रत्नागिरीऐवजी पावस-पूर्णगडच्या बाजूला कुठेतरी. आता केबिनमध्ये होक्याच्या हातभर अंतरात मोबाईलही ठेवू देत नाही.

दर तासाला वहीत एक ओळ लिहायची: वेळ, अक्षांश-रेखांश, होक्यावरचा आकडा, आरपीएम, खोली. खलाशी हसतात, हसू देत. जीपीएस बंद पडलं तर शेवटची ओळ हीच तुमची जागा, तिथून वेळ आणि वेग गुणून पुढे चला. परतीची दिशा म्हणजे गेलात त्यात १८० चा फरक: २५० ने गेलात तर ७० ने या. पण जीपीएस नसताना मी ७० धरत नाही, ६४ धरतो. ३८ मैलांवर सहा अंश म्हणजे चार मैल, मुद्दाम उत्तरेला. का? नेमकं बंदरावर नेम धरून आलात आणि थंडीच्या धुरकट सकाळी किनारा दिसला, बंदर नाही दिसलं, तर डावीकडे वळायचं की उजवीकडे? चुकीच्या बाजूला तासभर गेलात की पंधरा लिटर गेले. मुद्दाम उत्तरेला आलात तर प्रश्नच नाही, उजवीकडे वळा, वायव्येचा वारा पाठीशी घेऊन दीपस्तंभ दिसेपर्यंत खाली या.

वायव्येचा वारा परतीच्या डिझेलचा मालक आहे. जानेवारीपासून मेपर्यंत दुपारी अकरा-बारा वाजले की तो उठतो आणि संध्याकाळपर्यंत समुद्र पांढरा करतो. गेल्या एप्रिलमध्ये देवगडच्या समोरून दुपारी निघालो, ३७ मैल उत्तरेला. इंजीन १५०० वरच, पण वेग ७.४ चा ५ झाला. पाच तासांच्या जागी साडेसात, ७२ लिटरच्या जागी १०७. शिवाय बोटीची हाडं खिळखिळी झाली ती वेगळीच. हेच रात्री दोन वाजता निघालो असतो तर मतलई वाऱ्यात, सपाट पाण्यात, दिवस उजाडताना बंदरात. म्हणून दोन जागा सारख्या चांगल्या असतील तर उत्तरेची घ्या, म्हणजे येताना वारा ढकलतो. दक्षिणेला जायचंच असेल तर परत निघायची वेळ मध्यरात्रीनंतरची लिहा. पाण्याची ओढही बघा: थंडीत ती किनाऱ्याने उत्तरेला असते, मार्चनंतर उलटी फिरते.

निघण्याआधी पळून कुठे जायचं तेही लिहून ठेवा. रत्नागिरीहून जयगड उत्तरेला साधारण १८ मैल, विजयदुर्ग दक्षिणेला पंचवीस-सव्वीस, देवगड ३७. तिन्हीकडे आत शिरायची वाट चांगली आहे, पण ती दिवसा एकदा बघून जीपीएसमध्ये खुणा केलेल्या असतील तरच रात्री कामाची. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळ आलं तेव्हा केरळ-तमिळनाडूच्या कितीतरी बोटी देवगडला येऊन लागल्या होत्या. आणि २००९ च्या ११ नोव्हेंबरचं फयान वादळ आमच्या पिढीला कोणी सांगायला नको. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की डिझेल कितीही असो, मी घरी.

घरी एक कागद ठेवतो, फ्रिजवर. किती वाजता निघालो, कुठल्या दिशेने, किती मैल, बोटीवर किती माणसं, कधी परतणार. आणि खाली ठळक: अमुक वाजेपर्यंत आलो नाही तर १५५४ ला फोन करायचा. हा तटरक्षक दलाचा नंबर आहे. बायकोला सांगून ठेवलंय, "येतील थोड्या वेळात" असं शेजाऱ्यांनी म्हटलं तरी वाट बघायची नाही. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरवर चालू. डॅटचं, म्हणजे संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र केबिनमध्ये, कोयंड्याला, जाळ्याखाली नाही.

परत आल्यावर मासळी उतरली, बर्फाचं पाणी काढलं, की शेवटचं काम. बोट धक्क्याला स्थिर असताना काठी घालायची आणि अंदाजासमोर खरा आकडा लिहायचा. माझा फरक बहुधा दहा लिटरच्या आत असतो. मागच्या ट्रिपला १९ निघाला. वारा नव्हता, जागा बदलली नव्हती, वही तीनदा तपासली. दुसऱ्या दिवशी सुकतीला, म्हणजे ओहोटीला, बोट वाळूवर टेकली तेव्हा खाली वाकून बघितलं, तर पंख्याच्या दांड्याला कोणाच्या तरी जुन्या जाळ्याचा हातभर तुकडा गुंडाळलेला. कोयत्याने कापून काढला आणि वहीत १९ च्या पुढे लिहिलं, "जाळं".